मधलं विमान

माझ्या धाकट्या भावाला कावीळ झाली हे त्यानेच मला फोनवर सांगितलं, आणि तेही हसत. तो ओसाकाला यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत डिझाइनचं काम करायचा. लग्न केलेलं नव्हतं, एकटाच राहायचा. "ताई, आरशात डोळे बघितले. हळद लागल्यासारखा दिसतोय मी. तुमची एवढ्या वर्षांची इच्छा पूर्ण झाली," असं म्हणाला. मी रागावले. डॉक्टरकडे जाऊन आलोय, आराम सांगितलाय, एवढं बोलून त्याने विषय बदलला.

पुढचा फोन त्याचा नव्हता. त्याच्याच ऑफिसातल्या एका तमिळ मित्राचा होता. भाऊ कामावर येईना, फोन उचलेना, म्हणून हा त्याच्या खोलीवर गेला. भावाने दार उघडलं, पण याला ओळखलं नाही. वेगळंच काहीतरी बडबडत राहिला. आता तो हॉस्पिटलात होता. यकृत जवळजवळ बंद पडलेलं. मित्र तुटक्या हिंदीत एकेक शब्द जपून बोलत होता. डॉक्टर विचारतायत, म्हणाला, रक्ताच्या नात्यातलं कोण आहे? तिथे यकृताचा तुकडा बहुतेक वेळा जिवंत नातेवाइकाकडूनच घेतात, आणि तो लवकर घ्यावा लागेल.

रक्ताच्या नात्यात मी आणि बाबा, दोघंच उरलेलो. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. बाबा पंचाहत्तरीचे, त्यांचं चालणार नव्हतं. राहिले मी. माझा आणि भावाचा रक्तगट एकच. मी ठाण्याला एका पतपेढीत नोकरी करते, राहते डोंबिवलीत, बाबांच्या घरापासून दोन गल्ल्यांवर. हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून चालत त्यांच्याकडे गेले.

बाबा डोंबिवलीतल्याच एका शाळेत विज्ञान शिकवायचे. निवृत्त होऊनही त्यांची बोलण्याची पद्धत वर्गातलीच राहिली होती. प्रश्न विचारायचा, उत्तराची वाट बघायची. त्या दिवशी त्यांनी दोनच प्रश्न विचारले.

"तू देणार?"

"हो."

"घरी बोललीस?"

"बोलते. ते नाही म्हणणार नाहीत."

मग ते उठले, स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले आणि तिथूनच म्हणाले, "मी येणार."

"बाबा, तुम्ही एवढ्या लांब..."

"मी येणार."

व्हिसा हॉस्पिटलच्या पत्रावर लवकर मिळाला, असं सगळे म्हणत होते. आम्हाला तो आठवडा संपत नव्हता. मित्राचे निरोप यायचे. रक्तातला द्रव बदलतायत. आज डोळे उघडले. आज नाही उघडले.

मुंबईहून ओसाकाला थेट विमान मिळेना. आमच्या ओळखीच्या तिकीटवाल्याने क्वालालंपूरवरून जाणारा एक मार्ग शोधला, पण तिकीट काढण्याआधी त्याने मला आणि माझ्या नवऱ्याला समोर बसवून नीट समजावलं. "ताई, ही दोन वेगळ्या कंपन्यांची दोन वेगळी तिकिटं आहेत. तिथे तुमच्या बॅगा आपोआप पुढे जाणार नाहीत. इमिग्रेशन करून त्या देशात शिरायचं, बॅगा उचलायच्या, दुसऱ्या टर्मिनलला जायचं आणि नव्याने चेक-इन करायचं. पहिलं विमान लेट झालं तर दुसरं तुमच्यासाठी थांबणार नाही. कोणी जबाबदारी घेत नाही यात."

"आणि एकाच तिकिटावर?" नवऱ्याने विचारलं.

"एकाच तिकिटावर पाहिजे तर चार दिवस थांबा."

चार दिवस थांबण्यासारखं काही नव्हतं. आम्ही तीच दोन तिकिटं घेतली. त्या देशात शिरायला लागणारी ऑनलाइन माहिती नवऱ्याने बसून भरली. यकृत दिल्यावर मला दीड-दोन महिने तिथेच राहावं लागलं असतं, त्यामुळे फक्त हातातल्या पिशवीवर भागणार नव्हतं. गरम कपडे, माझी औषधं, बाबांची औषधं, सगळं धरून दोन मोठ्या बॅगा झाल्या.

निघायच्या आदल्या दिवशी बाबा सकाळपासून घरी नव्हते. फोन उचलत नव्हते. मी शेजारी विचारलं, बागेत बघून आले. दुपार उलटल्यावर ते आले. चपलांना चिखल, हातात ओल्या फडक्यात बांधलेलं काहीतरी.

"कुठे गेलेलात?"

"आंबिवलीला. स्टेशनपासून आत एक गाव आहे, तिथे."

त्यांनी फडकं टेबलावर ठेवलं. आत मातीसकट मुळ्या होत्या, बोटाएवढ्या जाड.

"काविळीची मुळी आहे," ते म्हणाले.

आमच्याकडे काविळीला मुळी देणारं कोणी ना कोणी प्रत्येक गावात असतं. लोक डॉक्टरकडे जायच्या आधी तिथे जातात. आणि बाबा आयुष्यभर वर्गात सांगत आले होते की साधी कावीळ आपली आपण बरी होते आणि श्रेय मुळीला मिळतं. माझ्या वर्गातल्या मुलींनाही त्यांनी हेच सांगितलं होतं, आणि मला लाज वाटली होती, कारण त्यातल्या एकीची आजी मुळी द्यायची.

"बाबा, तुम्ही?" एवढंच माझ्या तोंडून निघालं.

"ताकात उगाळून द्यायची. अनशापोटी."

"त्याच्या नाकात नळी आहे."

"नळीतून दिली तरी चालते. मी विचारलं त्या बाईंना."

ते माझ्याकडे बघत नव्हते. फडक्याची गाठ पुन्हा बांधत होते, आणि ती त्यांना नीट बांधता येत नव्हती. मी ती बांधून दिली. मुळी त्यांच्या मोठ्या बॅगेत गेली, स्वेटरांच्या मधे.

मुंबईला विमानात वेळेवर बसलो. दारं लागली, पट्टे बांधले, आणि विमान उभंच राहिलं. तांत्रिक तपासणी चालू आहे असं सांगितलं गेलं. मग पुन्हा तेच सांगितलं गेलं. बाबा खिडकीतून बाहेर बघत होते. एक गाडी विमानाखाली आली, गेली, परत आली. सुटलं तेव्हा आमच्या हातातला मोकळा वेळ बहुतेक संपलेला होता. हवाईसुंदरीला मी आमची अडचण सांगितली. तिने माझं सगळं ऐकून घेतलं आणि विमान उतरायच्या आधी आम्हाला पुढच्या रांगेत आणून बसवलं. तिच्या हातात तेवढंच होतं.

क्वालालंपूरला इमिग्रेशनची रांग वळणं घेत घेत दूरवर गेलेली. मी पुढच्या प्रत्येकाला विचारत गेले. "माझा भाऊ हॉस्पिटलात आहे, आमचं विमान सुटतंय." एकानेही नाही म्हटलं नाही. सगळे बाजूला होत गेले. काचेमागच्या माणसाने विचारलं, किती दिवस राहणार? मी म्हटलं, आता लगेच जाणार. त्याने माझ्याकडे बघितलं, बाबांकडे बघितलं, शिक्का मारला.

सामानाच्या पट्ट्यावर माझी बॅग लगेच दिसली. बाबांची येईना. पट्टा फिरत राहिला. दोरी बांधलेला एक खोका, गुलाबी बॅग, लहान मुलाची गाडी, पुन्हा तोच खोका.

"बाबा, चला. बॅग राहू दे. नंतर मागवता येते."

"मुळी त्यात आहे."

"बाबा, विमान सुटेल."

"येईल आता. एक मिनिट."

मी त्यांचा हात धरून ओढला. ते हलले नाहीत. पट्टा जिथून सुरू होतो त्या रबरी पडद्याकडे टक लावून उभे राहिले. म्हाताऱ्या माणसाच्या हातात एवढा जोर असतो हे मला माहीत नव्हतं. त्यांना तिथे सोडून एकटीनेच पळावं असं मला वाटलं, आणि पाय उचलले नाहीत.

बॅग आली. दोन टर्मिनलांमधल्या ट्रेनने पलीकडे गेलो, धावत काउंटर गाठला. तिथली मुलगी संगणक बंद करून कागद आवरत होती.

"चेक-इन बंद झालं, मॅडम."

"विमान आहे ना अजून?"

"विमान आहे. चेक-इन बंद झालं."

"किती वेळ झाला?"

"आत्ताच झालं," ती म्हणाली.

बाबा माझ्या मागेच उभे होते. त्यांनी ऐकलं. इंग्रजी त्यांचं माझ्यापेक्षा चांगलं आहे.

पुढचं विमान दुसऱ्या दिवशीचं होतं. आम्ही विमानतळावरच राहिलो. भावाच्या मित्राला कळवलं. त्याने लिहिलं, काळजी करू नका, डॉक्टर तयारी करून ठेवतील. बाबांनी काही खाल्लं नाही. मी खाल्लं, कारण ओसाकाच्या डॉक्टरांनी मला कळवलेलं की तब्येत सांभाळूनच या. तो भात मी घास मोजल्यासारखा गिळला.

ओसाकाला उतरल्यावर सामानाजवळ एक छोटा कुत्रा फिरत होता. अंगात हिरवं जाकीट, दोरी एका तरुण बाईच्या हातात. तो प्रत्येक बॅग हुंगत येत होता. बाबांच्या बॅगेजवळ आला आणि शांतपणे खाली बसला. बाबांना कुत्रे आवडतात. त्यांनी नकळत खाली वाकून त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. ती बाई किंचित वाकली आणि आम्हाला शेजारच्या टेबलाशी घेऊन गेली.

बॅग उघडली. स्वेटर बाजूला केले. फडक्याची गाठ मी घातलेली, घट्ट बसली होती. आतली माती अजून ओली होती. टेबलामागच्या अधिकाऱ्याने हातमोजे घालून मुळी उलटसुलट केली आणि इंग्रजीत समजावलं, मातीसकट वनस्पती आत नेता येत नाही. तुमच्या देशातल्या खात्याचं प्रमाणपत्र असतं तर तपासता आलं असतं.

"हे औषध आहे," बाबा म्हणाले. "माझा मुलगा इथे हॉस्पिटलात आहे."

अधिकारी वाकला. "समजलं, सर. पण नेता येणार नाही."

"माती धुऊन टाका. मी इथेच धुतो."

"नाही, सर."

"थोडी द्या. एवढीशी." बाबांनी बोटाचं पेर दाखवलं.

तो पुन्हा वाकला. त्याचा आवाज एकदाही चढला नाही. तो ओरडला असता तर बाबांना भांडता आलं असतं. ही वस्तू मी सोडून देत आहे अशा अर्थाच्या कागदावर बाबांनी सही केली, पूर्ण नावाची, निकालपत्रावर करायचे तशी रेखीव. मुळी एका पिशवीत गेली, पिशवी डब्यात गेली. आम्ही स्वेटर परत भरले.

मित्र बाहेर उभा होता. तोच आम्हाला थेट हॉस्पिटलात घेऊन गेला. भाऊ काचेच्या पलीकडे होता. मी त्याला त्याच्या कानांवरून ओळखलं, बाकीचं तोंड सुजलेलं, पिवळंधमक. मला आत जाऊ दिलं. मी त्याचा हात धरून म्हटलं, "अरे, मी आलेय." यंत्रांचा आवाज तेवढा चालू होता.

माझ्या तपासण्या लगेच सुरू झाल्या. रक्त, मोठ्या यंत्रातून फोटो, हृदय, फुप्फुसं. एका डॉक्टरांनी माझ्या पोटावर पेनाने एक रेघ काढली, कुठून कापणार ते दाखवायला. माझं यकृत चांगलं होतं. मापातही बसत होतं. परिचारिका ते सांगताना हसली. मीही हसले. त्या बातमीनंतर मी बाबांच्या शेजारी बाकावर जाऊन बसले आणि त्यांना म्हटलं, "बाबा, जमतंय." ते म्हणाले, "जमणारच. तू त्याला लहानपणी तुझ्या ताटातलं देत होतीस." आणि लगेच तोंड फिरवलं.

संध्याकाळी मोठ्या डॉक्टरांनी आम्हाला एका छोट्या खोलीत बोलावलं. मित्र दुभाषाचं काम करत होता. डॉक्टर बोलले, थांबले, पुन्हा बोलले. मित्र ऐकत राहिला.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"मेंदूला सूज आली आहे. रक्तात संसर्ग पसरलाय. आता ऑपरेशन केलं तर टेबलावरच..." तो थांबला. "ते करणार नाहीत, दीदी."

"पण माझं बसतंय ना? सगळं बसतंय."

"हो. तुमचं बसतंय."

बाबांनी इंग्रजीतच डॉक्टरांना विचारलं, "आम्ही काल आलो असतो तर?"

डॉक्टरांना इंग्रजी कळलं असावं, कारण त्यांनी मित्राकडे बघितलं नाही. म्हणाले, सांगता येत नाही.

होही नाही, नाहीही नाही. माझ्या मते ते खरं बोलले, आणि त्या क्षणी त्यांनी खोटं बोलायला हवं होतं असं मला वाटलं. बाबांनी मान हलवली, एखाद्या विद्यार्थ्याचं उत्तर अर्धं बरोबर आल्यासारखी. त्यानंतर बॅगेचा, पट्ट्याचा, काउंटरचा विषय त्यांनी काढला नाही. मीही कधी काढला नाही. काय बोलणार? तुमच्यामुळे झालं असं मला म्हणायचं नव्हतं, आणि तुमच्यामुळे झालं नाही असं म्हणायला माझ्याकडे काही आधार नव्हता.

भाऊ त्यानंतर फार थांबला नाही. पोटावरची रेघ मात्र अंघोळीत घासूनही काही दिवस जात नव्हती.

दहन तिथेच करायचं ठरलं. देह परत आणायचा तर आणखी किती दिवस आणि किती परवानग्या, ते ऐकूनच बाबा नको म्हणाले. भट्टीतून ट्रे बाहेर आला तेव्हा राख थोडी आणि हाडं पुष्कळ, मोठमोठी, पांढरी. आमच्याकडे अस्थी दूध-पाणी शिंपडून हाताने वेचतात. तिथे आमच्या हातात लांब काड्या दिल्या. एक हाड दोघांनी मिळून दोन्हीकडून उचलायचं आणि कलशात ठेवायचं. पायापासून सुरुवात करायची, म्हणजे माणूस कलशात उलटा राहत नाही, असं तिथल्या माणसाने समजावलं.

"हाताने चालेल का विचार त्याला," बाबा मित्राला म्हणाले.

गरम आहे, नको, असं उत्तर आलं.

मग आम्ही दोघांनी काड्यांनी वेचलं. बाबांच्या बाजूने हाड मधेच घसरायचं, मी माझी काडी आडवी धरायचे. कलश लहान होता. तो भरला, आणि ट्रेमध्ये अजून बरंच शिल्लक होतं. मित्राने सांगितलं, या भागात एवढंच नेतात, बाकीचं इथे राहतं, इथल्या जागेत, सगळ्यांचं एकत्र.

"सगळं नाही नेता येणार?" बाबांनी विचारलं.

मित्राने विचारलं. त्या माणसाने मोठा कलश आहे का बघून येतो म्हटलं, गेला, आणि परत येऊन वाकला. नव्हता.

परतताना आम्ही शहाणे झालेलो. बॅगा मित्राकडे ठेवल्या, हातातलं तेवढंच घेतलं, म्हणजे मधल्या विमानतळावर बाहेर पडायची गरजच नाही, आतल्या आत दुसऱ्या विमानात. मृत्यूचा दाखला, दहनाचा दाखला, आपल्या वकिलातीचं पत्र, तिन्ही एका प्लास्टिकच्या पाकिटात. क्वालालंपूरच्या तपासणीत कलश यंत्रातून गेला आणि पट्टा थांबला. पडद्यावर काय दिसलं असेल ते मी बघितलं नाही. डोक्याला रुमाल बांधलेल्या अधिकारी बाईने कागद वाचले, बाबांना बसायला खुर्ची दिली आणि कलश स्वतःच्या हाताने उचलून आमच्याकडे आणला. विमानाला भरपूर वेळ होता. या वेळी सगळं वेळेवर होत गेलं. पुढचं विमान तर आमच्या आधीच येऊन उभं होतं.

मुंबईला कस्टम्सच्या दारात कलशाला कोणी काही विचारलं नाही. बाबांच्या खांद्यावर भावाचा कॅमेरा होता, त्याच्या खोलीतून आणलेला, मोठा, दोन लेन्स असलेला. अधिकाऱ्याने तो बघितला.

"हा नवीन घेतला का, काका?"

"नाही. वापरातला आहे."

"कोण वापरतं?"

मी दाखल्यांचं पाकीट पुढे केलं. त्याने पहिला कागद अर्धा वाचला आणि तसाच परत दिला. "जा, ताई," म्हणाला.

अस्थी शहाडजवळ उल्हास नदीत सोडल्या. गुरुजींनी मंत्र म्हटले. जेवढ्या होत्या तेवढ्या पाण्यात गेल्या. बाबा काठावर उभे राहून माझ्या नवऱ्याला म्हणाले, "अर्धा तिकडेच राहिला हो."

भावाची खोली रिकामी करून मित्राने त्याचं सामान आमच्या बॅगांसकट जहाजाने पाठवलं. पुस्तकं, कपडे, कुकर, त्याने काढलेले यंत्रांचे नकाशे. काही महिन्यांनी बंदरावरून सामान सोडवणाऱ्या एजंटचा फोन आला. माल ज्याच्या नावाचा आहे त्याचा चालू पासपोर्ट आणि सही लागेल. मी सांगितलं, तो नाही. मग वारसाचे कागद लागतील, कोर्टाचे. मी बाबांना विचारलं, करूया का? मी रजा टाकते, वकील बघते.

"राहू दे," बाबा म्हणाले.

"कुकर, कपडे जाऊ देत. पण नकाशे आहेत त्याचे."

"राहू दे ग."

एजंटचे फोन काही दिवस येत राहिले, मग बंद झाले. वेळेत न सोडवलेला माल लिलावात जातो म्हणतात. बाबा अजून त्यांच्याच घरात राहतात, माझ्याकडे या म्हटलं तर येत नाहीत. रोज संध्याकाळी मी डबा घेऊन जाते. ते दार उघडतात, डबा घेतात, "तू जेवलीस?" असं विचारतात आणि माझं उत्तर यायच्या आत स्वयंपाकघरात जाऊन स्वतःपुरतं एकच ताट घेतात.